नारू कुणाच्या पाण्याचा?

पासलीत रेंज येते ती आमच्या घरामागच्या बांधावर, तीही दोन काड्या. गेल्या मे महिन्यात मी तिथे बसून मोबाइलवर आफ्रिकेतल्या एका आजारावरचा लेख वाचत होतो. रिव्हर ब्लाइंडनेस. शेजारी आजी वरईतले खडे निवडत होती. तिनं विचारलं, "काय वाचतोस एवढं?" मी म्हटलं, "आजी, तिकडं आफ्रिकेत नदीमुळं माणसं आंधळी होतात."

तिनं सूप खाली ठेवलं. "नदीनं कशी आंधळी व्हत्याल? नदी काय डोळ्यात जाती व्हय?"

मी समजावलं. जोरानं वाहणाऱ्या पाण्यात एक बारीक काळी माशी अंडी घालते. ती चावली की तिच्यातून एक जंत माणसाच्या अंगात जातो. त्याची मादी कातडीखाली गाठ करून दहा-पंधरा वर्षं राहते आणि लाखो पिल्लं सोडते. ती पिल्लं कातडीत फिरतात, तेव्हा माणूस खाजवून खाजवून बेजार होतो. डोळ्यात शिरून मेली की डोळा सुजतो, आणि असं वर्षानुवर्षं होत राहिलं की दिसणं बंद होतं.

आजी ऐकत होती. मग तिनं लुगड्याचा काठ वर केला आणि उजव्या घोट्यावरचा तो पांढरट, ओढल्यासारखा वण मला दाखवला. तो मी लहानपणापासून पाहत आलोय. आजी पाय ओढत चालते, घोटा वळत नाही, हे मला तिच्या नाकासारखंच वाटायचं. आहे ते आहे. "मंग ह्यो आमचा नारू त्यातलाच की रं," ती म्हणाली.

आजीचं बरोबर होतं. नारूचा जंत आणि नदीकाठच्या आंधळेपणाचा जंत, दोघेही सूत्रकृमींच्या एकाच मोठ्या कुळातले. एक माशीच्या चाव्यातून येतो, दुसरा पिण्याच्या पाण्यातून. रिव्हर ब्लाइंडनेस भारतात नाही. नारू मात्र होता, आणि तुमच्या-माझ्या आजीआजोबांच्या पिढीनं तो अंगावर काढलेला आहे. तुम्ही विशीत-तिशीत असाल तर हा शब्द कदाचित पहिल्यांदाच ऐकत असाल. तुम्ही तो ऐकलेला नाही, ही या गोष्टीतली सगळ्यात मोठी बातमी आहे.

*

आधी जागा सांगतो. पुण्याहून नसरापूर फाटा, मार्गासनी, वेल्हे, आणि तिथून वर चढणाऱ्या रस्त्यानं पासली. तालुक्याचं नाव आता सरकारनं राजगड केलंय, पण एसटीत अजून सगळे वेल्हेच म्हणतात. तोरण्याच्या पलीकडच्या अंगाचा हा मुलूख. पुढे केळद लागतं, आणि केळदच्या कड्यावरून मढे घाट खाली महाडकडे उतरतो. पावसाळ्यात इथं इतकं कोसळतं की आठवडाभर सूर्य दिसत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच गावांत बाया हंडे घेऊन झऱ्यापाशी वाटीवाटीनं पाणी भरत बसतात. डोंगर पाणी धरत नाही. पडतं ते सगळं वाहून जातं.

आजी इथली नाही. तिचं माहेर जेजुरीच्या पुढचं, कोरड्या अंगाचं गाव. तिथला पाऊस आमच्याकडच्या एका आठवड्याएवढा. गावाला एक बारव होती. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर: थेट पाण्यापर्यंत उतरत जायचं, शेवटच्या पायरीवर उभं राहून घागर बुडवायची. पाण्यात पाय बुडाल्याशिवाय घागर भरतच नसे, असं आजी म्हणते.

एवढ्या लांबची सोयरीक जुळली कशी? मुंबईमुळे. आजीचे वडील आणि माझे पणजोबा परळला एकाच गिरणीत होते, एकाच खोलीत राहायचे. वेल्हे-भोरकडची माणसं गिरणीत आणि गोदीत, पुरंदरचीही तशीच. खोलीत वीसेक माणसं, पाळीपाळीनं झोपायची. तिथल्या एका रात्रीच्या गप्पांत आजीचं लग्न ठरलं. ती पंधरा वर्षांची होती. साल तिला नक्की सांगता येत नाही, पण "नवा पैसा आला त्या साली" म्हणते. नवे पैसे चालू झाले १ एप्रिल १९५७ ला. लग्न वैशाखातलं, म्हणजे त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं.

पुढचा चैत्र आला. एक दिवस आजीच्या उजव्या घोट्याजवळ फोड आला. आग अशी की पायावर निखारा ठेवलाय. तिनं फोड पाहिला आणि लगेच ओळखलं, कारण माहेरी तिनं दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या पायाला तो पाहिला होता. दोन दिवसांनी फोड फुटला आणि आतून पांढरं सूत बाहेर आलं.

पासलीत तो कुणी पाहिलेला नव्हता. वाहत्या ओढ्याच्या आणि झऱ्याच्या गावात नारूला जागा नसते. त्याला साठलेलं पाणी लागतं.

*

मग दोन गावांत भांडण लागलं. आजीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या पणजी, म्हणाल्या की ही माहेरचं काहीतरी अंगातून घेऊन आलीय, तिकडची देवी हिच्या मागं लागलीय. आजीचे भाऊ तिला बघायला आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वर्षभर पोरगी तुमच्याकडं आहे, तुमचं पाणी पितेय, नारू आता निघालाय, तर तो आमच्या पाण्याचा कसा? मावळचं पाणी बाधलं तिला.

भावांचं म्हणणं खोडणं अवघड होतं. पोट बिघडलं तर माणूस काल काय खाल्लं ते आठवतो, गेल्या वर्षी काय खाल्लं ते नाही.

पण नारूचं गणित वर्षाचंच असतं. दूषित पाणी पोटात गेलं की त्यातल्या अळ्या आतड्यातून बाहेर पडतात आणि अंगात वाढतात. नर-मादीचा मेळ होतो, नर मरतात. मादी वाढत राहते, साठ सेंटिमीटर ते एक मीटर, शेवयीएवढी जाड, आणि बहुतेक वेळा पायाकडे सरकते. या सगळ्याला दहा ते चौदा महिने लागतात. तोवर माणसाला काहीही कळत नाही. मग कातडीवर फोड येतो, आग होते, आणि आग विझवायला माणूस पाण्यात पाय बुडवतो. मादीला तेच हवं असतं. पाणी लागलं की ती लाखो अळ्या सोडते. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे एक-दोन मिलिमीटरचे जीव त्या खातात. त्यांच्या आत दोनेक आठवड्यांत अळी तयार होते. आणि तेच पाणी कुणीतरी घागरीत भरतं.

सायक्लॉप्स हे नाव ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसावरून आलंय, कारण या जिवाला एकच डोळा असतो. आंधळेपणाच्या लेखापासून सुरुवात करून मी एका डोळ्यापाशी पोचलो, याची मला गंमत वाटली.

थोडक्यात, आजीनं १९५७ च्या उन्हाळ्यात, लग्नाच्या धामधुमीत, माहेरच्या बारवेचं पाणी प्यायलं, आणि त्याचा दोरा १९५८ च्या उन्हाळ्यात सासरी बाहेर आला. भावांनी अगदी प्रामाणिकपणे, डोळ्यांदेखतच्या पुराव्यावरून, चुकीचं अनुमान काढलं होतं. पणजीनं वाईट मनानं बरोबर ओळखलं होतं.

जगभर नारूभोवती ज्या समजुती आहेत, त्यांचं मूळ या वर्षभराच्या अंतरात आहे असं मला वाटतं. पाण्याशी संबंध लागत नाही म्हटल्यावर माणसं अंगातच कारण शोधतात. आपल्याकडच्या जुन्या वैद्यकग्रंथांत याला 'स्नायुक' म्हटलंय, वृंदाच्या ग्रंथात त्याचं वर्णन येतं. फारसीत 'रिश्ता', म्हणजे धागा. बऱ्याच ठिकाणी लोकांना तो जंत वाटलाच नाही, शीर वाटली. आजीही म्हणते, "शीरच की ती. आतून सुटून आल्याली." त्यात अडाणीपणा कसला? तुमच्या पायातून एक पांढरं सूत हळूहळू बाहेर येतंय, तर ते तुमचंच असणार असं वाटणारच.

*

इथं मला परळकडे परत जायचंय.

नारूच्या अळ्या सायक्लॉप्समध्ये शिरतात हे रशियन अभ्यासक अलेक्सी फेदचेन्को यानं १८७० मध्ये तुर्कस्तानात पाहिलं होतं. पण सायक्लॉप्स पोटात गेल्यानंच माणसाला नारू होतो, हे माणसावर दाखवून देणं बाकी होतं. ते झालं मुंबईत. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांनी प्लेगच्या लशीसाठी उभी केलेली प्रयोगशाळा होती. १९०६ पासून तिला बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणत, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. तिथं १९१३ च्या सुमारास डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी अळ्या असलेले सायक्लॉप्स स्वयंसेवकांना पाण्यातून दिले आणि त्यातून माणसाच्या अंगात नारू तयार होतो हे सिद्ध केलं. तर्खडांचं नाव परजीवी रोगांच्या जागतिक इतिहासात येतं. मराठीत मात्र मी ते कुठंही ठळकपणे वाचलेलं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

आजीचे वडील आणि माझे पणजोबा ज्या परळमध्ये राहत होते, त्याच परळमध्ये ही प्रयोगशाळा. आजीच्या नारूच्या आधी चाळीसहून जास्त वर्षं, त्यांच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, उत्तर मिळालेलं होतं. पाणी कापडानं गाळा, आणि फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका. बस, एवढंच.

ते उत्तर परळहून जेजुरीपलीकडे जायला आणखी सत्तर वर्षं लागली.

कारण काय? सरकारला काही ठाऊक नव्हतं असं नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, रहाटाच्या करा, असं डॉक्टर मंडळी इंग्रजी अमलापासून सांगत होती. म्हैसूर संस्थानात चित्रदुर्गाकडे १९३० च्या दशकात डॉ. मूर्ती यांनी विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडण्याचेही प्रयोग केले. पण विहीर म्हणजे नुसतं पाणी नसतं. मुंबईतच १९११ मध्ये बेंटली या डॉक्टरनं मलेरियाच्या डासांसाठी शहरातल्या विहिरी बंद करण्याची शिफारस केली, तेव्हा पारशी आणि हिंदू दोन्ही समाजांतून जोरदार विरोध झाला. विहिरीत देवता असते, पूजेला विहिरीचंच पाणी लागतं, वाडवडिलांनी धर्मार्थ बांधलेली विहीर बुजवायची कशी? शिकलेल्या, पैसेवाल्या मुंबईची ही गोष्ट. खेड्यातल्या माणसांना 'त्यांच्यात जागृती नाही' म्हणून मोकळं होण्याआधी ही आठवावी.

*

बारवेबद्दल माझं मन आजीच्या नारूमुळे थोडं अडकलंय. तुमच्याही फीडमध्ये ते रील्स येत असतील: ड्रोननं वरून घेतलेली बारव, हिरवं पाणी, पायऱ्यांची नक्षी, महाशिवरात्रीला पायरीपायरीवर पणत्या. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बारवा शोधून, गाळ काढून, त्यांची नोंद ठेवण्याचं काम तरुणांनी उचललंय. मीही दोनदा श्रमदानाला गेलोय, हाताला फोड आणून घेतलेत. साताऱ्याजवळची लिंबची बारामोटेची विहीर मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तासभर हललो नव्हतो.

आणि याच पायऱ्या नारूचा रस्ता होत्या. त्या नसत्या, वरून दोरीनं पाणी शेंदावं लागलं असतं, तर पाय पाण्यात गेलाच नसता. विहीर जितकी उदार, जितकी खालपर्यंत माणसाला बोलावणारी, तितकी नारूला सोयीची. बांधणाऱ्यांचा यात काही दोष नाही, त्यांनी तहानेचा विचार केला होता.

पण 'माणसाला बोलावणारी' असं मी लिहिलं ते घाईनं लिहिलं. सगळ्यांना कुठं बोलावत होती ती? आजीच्या माहेरच्या बारवेवर महारवाड्यातल्या माणसाला पायरी उतरायची मुभा नव्हती. त्यांना वरून कुणी ओतलं तर पाणी, नाहीतर ओढ्यातलं डबकं. पासलीहून मढे घाट उतरून गेलं की महाड आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' करून घेतलं, त्यात पंचगव्याच्या घागरी ओतून. पाण्यात काय जातं आणि पाणी कशानं बिघडतं, याबद्दल आपल्या समाजाकडे पक्की, तपशीलवार, शतकानुशतकं पाळलेली मतं होती. माणसाच्या सावलीचीही काळजी होती. फुटलेल्या फोडाचा पाय रोज पहाटे पाण्यात जात होता, तो मात्र कुणाला खटकला नाही, कारण तो पाय बहुधा आपल्यातलाच होता.

*

पासलीत आजीला पाणवठ्यावर जायची बंदी झाली. पणजीचा हुकूम: पाय पाण्याला लागता कामा नये, आंघोळ घरामागच्या खाचरात, तांब्यानं. पंधरा-सोळा वर्षांची सून, बोलायला कुणी नाही, पाणवठा हीच बायांची एकमेव गप्पांची जागा, तीही गेली. येणाऱ्याजाणाऱ्या बाया लांबून विचारायच्या, "किती निघाला गं?"

रोज थोडा निघायचा. आजीच्या माहेरी नारू काढणारा एक म्हातारा होता. तो आला नाही, पण भावानं त्याच्याकडून रीत शिकून आणली होती. सुताचं टोक तुरकाठीच्या बारीक काडीला गुंडाळायचं, रोज एखादा वेढा, जास्त ओढायचं नाही. वर रुईचं पान गरम करून बांधायचं. संपूर्ण निघायला महिना, कधी दोन महिने. मध्ये तुटला तर वाईट. उरलेला जंत आत मरतो, पाय सुजतो, पू होतो.

आजीचा तुटला. चैत्र संपत आला होता, राबाची कामं अंगावर होती. 'पायाला काडी बांधलीय, हात तर मोकळे हायेत ना' असं ऐकून ती पाल्यापाचोळ्याची भारी डोक्यावर घेऊन उतरत होती. काडी करवंदीच्या जाळीत अडकली. ती सांगते, "आवाज बी झाला न्हाई. नुसती तुटली." पुढचे तीन महिने पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. भाताची लावणी तिनं बांधावर बसून पाहिली. सूज उतरली तेव्हा घोटा आखडून बसला होता. तो आजपर्यंत तसाच आहे.

आज मी विचार करतो तेव्हा पणजीचा तो हुकूम मला छळतो. उन्हाळ्यात आमचा ओढा आटून डोह उरतात. पाणी वाहत नाही. त्या डोहात आजीचा पाय गेला असता तर पुढच्या वर्षी पासलीत कुणाकुणाचे फोड फुटले असते, सांगता येत नाही. विटाळ मानून, देवीच्या भीतीनं, एका पोरीला वाळीत टाकून पणजीनं जे केलं, तेच पंचवीस वर्षांनी आरोग्य खात्याचा माणूस गावोगाव सांगत फिरणार होता. फरक एवढाच की तो माणसाला वाळीत टाका असं म्हणत नव्हता.

*

हा माणूस १९८० च्या दशकात आला. भारत सरकारनं १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हा सात राज्यांत नारू होता: राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू. वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण, साडेबारा हजारांहून जास्त गावांत.

यावर औषध नव्हतं, आजही नाही. लस नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असंही नाही. देवीच्या रोगासारखं एक टोचून मोकळं होता येत नव्हतं. जे काही करायचं ते माणसांच्या रोजच्या सवयीत शिरून करायचं होतं. आरोग्यसेवक घरोघर जाऊन रुग्ण शोधायचे, फोड दिसला की पट्टी बांधून पाण्यापासून दूर ठेवायचे, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारायचे. पायऱ्यांच्या विहिरी बांधून बंद केल्या, हातपंप बसवले. आणि बायकांना सांगितलं, हंड्याच्या तोंडाला दुहेरी कापड बांधा. सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण कापडातून जात नाही. पाणी वस्त्रानं गाळून प्यावं हे आपल्याकडे स्मृतींपासून जैन आचारापर्यंत सांगितलेलंच होतं. फक्त त्यामागचं कारण वेगळं होतं. शेवटी शेवटी तर नवा रुग्ण दाखवणाऱ्याला रोख बक्षीस होतं.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ शोधूनही एकही मिळाला नाही, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. कुठंही मिरवणूक निघाली नाही. जगात १९८६ च्या सुमारास ३५ लाख लोकांना नारू होता. २०२४ मध्ये अख्ख्या जगात माणसांत १५ रुग्ण सापडले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी यामागे आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं घातली. शेवटचा नारू आपल्या आधी मरावा अशी त्यांची इच्छा होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, नारू थोडा उरला.

रिव्हर ब्लाइंडनेसची गोष्ट याहून वेगळ्या वाटेनं गेली, कारण तिथं औषध मिळालं. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठची सगळ्यात सुपीक जमीन सोडून गावंच्या गावं उठून गेली होती. आंधळ्या म्हाताऱ्याची काठी धरून पुढं चालणारं पोर हे तिथलं नेहमीचं चित्र. १९७४ पासून हेलिकॉप्टरनं नद्यांवर फवारणी सुरू झाली. मग जपानच्या सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीतून जो जिवाणू शोधला होता, त्यातून आयव्हरमेक्टिन तयार झालं, आणि १९८७ मध्ये मर्क कंपनीनं ते लागेल तितकं फुकट द्यायचं जाहीर केलं. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. पण मोठे जंत या गोळीनं मरत नाहीत, फक्त पिल्लं मरतात. म्हणून वर्षानुवर्षं, दरवर्षी, गावातल्या प्रत्येकानं गोळी घ्यायची, खाज नसली तरी. हे काम बाहेरच्या डॉक्टरांना जमलं नाही. गावानंच आपल्यातला माणूस निवडायचा आणि गोळ्या कधी, कशा वाटायच्या ते गावानंच ठरवायचं, अशी पद्धत आली तेव्हा ते चाललं. लोकांनी गोळी घेतली याचं एक कारण असंही होतं की तिनं पोटातले जंत पडायचे आणि डोक्यातल्या उवा जायच्या. डोळे वाचतील वीस वर्षांनी, पण रात्रीची झोप या आठवड्यात लागते. आफ्रिकेत नायजर हा पहिला देश २०२५ च्या जानेवारीत त्या आजारातून सुटला.

*

मी हे सगळं बांधावर बसून आजीला सांगितलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं, की नारू पाण्यातून येतो?"

तिनं सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. ती भावाच्या मुलीच्या लग्नाला माहेरी गेली होती. चावडीवर एक आरोग्यसेवक हातात रंगीत चित्राचा कार्ड घेऊन बसला होता. पायातून निघालेला नारू आणि त्याला गुंडाळलेली काडी. "असं कुणाला हाय का?" आजीनं जाऊन आपला घोटा दाखवला. त्यानं बसवून घेतलं, सगळं सांगितलं, पाण्याचं, बारवेचं, कापडाचं. आजीनं त्याला एकच विचारलं: पाणी प्याल्यावर किती दिवसांनी निघतो?

तो म्हणाला, वर्षानं.

आजीनं तिथंच बोटांवर मोजलं. वैशाख ते चैत्र.

"मंग घरी येऊन सांगितलंस?" मी विचारलं. पणजी तेव्हा जिवंत होती, म्हातारी, अंथरुणाला लागलेली.

"काय सांगायचं? की तुमचंच खरं व्हतं, आमचंच पाणी वाईट व्हतं? भावांनी भरल्या अंगणात शपथा घेतल्या व्हत्या." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "म्हातारी मरंस्तवर मी तिला म्हणत आले, तुमच्या पाण्यानं माझा पाय गेला."

"आणि कापड?"

"कापड मी त्याच दिवशी आनलं. हंड्याला बांधलं. सासूबाईंनी इचारलं, ह्ये काय? म्हनलं, कचरा येतो."

बांधावरची रेंज गेली होती. आजीनं वरईतला एक खडा बोटांत धरून उन्हात पाहिला आणि टाकून दिला.